घुमटाचे कातडे आणि आरतीचा शब्द

भाद्रपद जवळ आला की गोव्यातील देवळांच्या मंडपांतून आणि चवथीच्या घरांतून एक तक्रार दरवर्षी कानांवर येते. घुमट आता पूर्वीसारखे वाजत नाही. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आली आणि घुमटाचा आवाज गेला. आवाज गेला म्हणून आरतीचा रंगही गेला. ही तक्रार करणारी मंडळी उथळ नाहीत. त्यांनी आयुष्यभर आरत्या म्हटल्या आहेत, आणि चांगले वाजलेले घुमट कशाला म्हणावे हे त्यांचा कान जाणतो. त्यामुळे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारताही येत नाही. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली, एवढ्यावरून ती दुसरीमुळेच घडली असा निष्कर्ष कोणतेही न्यायालय काढू देणार नाही. समीक्षेनेही तो काढू नये.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घुमटाच्या आवाजात फरक पडला हे खरे. आरतीचा रंग पुष्कळ ठिकाणी उतरला हेही खरे. पण या दोहोंत कार्यकारणभाव नाही. पूर्वी वाजविणारा आणि गाणारा हा एकच मनुष्य होता. आज त्याचे दोन मनुष्य झाले आहेत, आणि त्या वाटणीत आरतीच्या शब्दाला कोणी वाली उरलेला नाही. कातड्याचा प्रश्न कायद्याने सोडविला आहे आणि तो योग्य रीतीने सोडविला आहे. शब्दाचा प्रश्न मात्र कोणताही कायदा सोडविणार नाही. तो आपणालाच सोडवावा लागेल.

ग्वाल्हेर, इंदूर किंवा बडोदे येथील ज्या वाचकांच्या पाहण्यात घुमट आलेले नसेल, त्यांच्यासाठी प्रथम वाद्याचे वर्णन करणे अवश्य आहे. घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे एक मडके. त्याला दोन तोंडे असतात, एक रुंद व एक अरुंद. रुंद तोंडावर कातडे ताणून बसवितात. अरुंद तोंड उघडेच ठेवतात. दोरीने किंवा पट्ट्याने ते गळ्यात अडकवून पोटाशी आडवे धरायचे, उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर बोल काढायचे, आणि डाव्या हाताच्या तळव्याने अरुंद तोंड कधी झाकायचे, कधी उघडायचे. झाकण्या-उघडण्याने मडक्यातील हवा दबते किंवा सुटते आणि त्यातून तो खोल, लवचीक घुमारा निर्माण होतो, ज्यावरून या वाद्याची ओळख पटते. याच्या जोडीला शमेळ असते. तेही मातीच्या भांड्यावर कातडे चढवून केलेले, पण ते दोन काठ्यांनी वाजवितात. ठोका धरण्यासाठी कांसाळे, म्हणजे धातूची जाड झांज, असते. मातीची दोन भांडी आणि धातूची एक जोडी, एवढ्या सामग्रीवर गोव्यातील चवथ पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे.

या वर्णनातून एक गोष्ट लक्षात यावी. घुमटाचे ध्वनी दोन आहेत. एक कातड्याचा बोल आणि दुसरा मडक्याचा घुमारा. पहिला कातड्याच्या जातीवर अवलंबून राहतो. दुसरा कुंभाराच्या हातावर आणि वादकाच्या डाव्या तळव्यावर. घोरपडीचे कातडे पातळ आणि ताठ असल्यामुळे त्याचा बोल टणक व स्वच्छ निघे, असे जुने वादक सांगतात, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. शेळीचे कातडे दमट हवेत सैल पडते, आणि चवथ नेमकी पावसाळ्यात येते. मधून मधून ते शेकून घ्यावे लागते. हे नुकसान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते पहिल्या ध्वनीचे नुकसान आहे. घुमारा जेथल्या तेथे आहे. ज्या वाद्याला नावच घुमण्यावरून मिळाले असावे असे वाटते, त्याचा घुमण्याचा भाग कायद्याने हिरावून घेतलेला नाही.

आता कायद्याकडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. घोरपड आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या प्राण्यांत आहे. कलम ९ प्रमाणे तिची शिकार हा गुन्हा आहे आणि त्याबद्दल ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुसरीकडे गोवा शासनाने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. यावर काही विनोदी मंडळी म्हणतात की, ज्या वाद्याच्या जुन्या घडणीबद्दल तुरुंग आहे त्याच वाद्याला शासनाने हार घातला. ही विसंगती वरवरची आहे. शासनाने मान्यता दिली ती वाद्याला. कायद्याने अडविले ते एका प्राण्याच्या हत्येला. वाद्य आणि त्याच्या तोंडावरचे कातडे ही एकच वस्तू आहे असे गृहीत धरले तरच या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरतात, आणि तसे गृहीत धरण्यास आधार नाही.

काही जण याहून पुढे जाऊन धर्मस्वातंत्र्याची ढाल पुढे करतात. घटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे, तेव्हा देवकार्यातील वाद्यावर निर्बंध कसा, असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात घालून दिली आहे. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून पाहावयाचे. ती कसोटी येथे लावून पाहावी. गणपतीच्या पूजाविधीत घोरपडीच्या कातड्याचा उल्लेख कोठे आहे? पार्थिव मूर्तीची प्राणप्रतिष्ठा, दूर्वा, नैवेद्य, आरती, मंत्रपुष्पांजली, विसर्जन, यांपैकी कोणता उपचार त्या कातड्यावाचून अडतो? एकही नाही. उलट ज्या तबल्याच्या साथीने आपण देवळात भजन म्हणतो त्यावरही शेळीचेच कातडे असते, आणि त्यामुळे भजनाला उणेपणा आला असे कोणी म्हणत नाही. तेव्हा घोरपडीचे कातडे ही सोय होती, सुंदर सोय होती, पण धर्म नव्हता. सोय बदलली म्हणून धर्म बुडत नाही.

गोव्याच्या इतिहासात गाण्यावर खरोखरच बंदी आली होती, तिची आठवण येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. इन्क्विझिशनचे न्यायपीठ गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडल्यास, चालले. त्याने १७३६ साली काढलेल्या आदेशात नवख्रिस्ती समाजाच्या अनेक देशी चालीरीतींबरोबर लग्नघरी गायिल्या जाणाऱ्या ओव्यांनाही मनाई केली होती. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात या काळाची साधार हकीकत दिली आहे. ही बंदी आणि १९७२ चा कायदा यांना एका मापाने मोजणारे लोक भेटतात, म्हणून दोहोंतील भेद स्पष्ट केला पाहिजे. फौजदारी कायद्यात कृत्याइतकेच हेतूला महत्त्व असते. १७३६ च्या आदेशाचा हेतू गाणे मारण्याचा होता. लोकांच्या तोंडचा शब्द काढून घेण्याचा होता. १९७२ च्या कायद्याचा हेतू एक प्राणी वाचविण्याचा आहे. त्याने कोणाच्या तोंडच्या शब्दाला हात लावलेला नाही.

आणि विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या बंदीने शब्दावरच घाव घातला तिला शब्द पुरून उरला. ओवी नष्ट झाली नाही. ख्रिस्ती लग्नांत रोसाच्या विधीच्या वेळी बायका जी गाणी म्हणतात त्यांत तिचे वळण टिकले आहे. पुढे १९व्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घरांत मांडो बहरला, तेव्हा त्याने व्हायोलिन पश्चिमेकडून घेतले आणि ताल मात्र घुमटावरच धरला. ज्या घुमटावर एका घरात मराठी आरती झाली त्याच घुमटावर शेजारच्या घरात कोंकणी मांडो आणि दुलपद झाले. शब्द जिवंत असले म्हणजे वाद्य त्यांना शोधीत येते. शब्द मेल्यावर केवळ वाद्याच्या बळावर गाणे उभे राहिल्याचे उदाहरण मात्र लोकसंगीतात सापडणे कठीण.

असे का व्हावे? याचे उत्तर वाद्याच्या घडणीतच आहे. सनई वाजविणाऱ्याचे तोंड सनईत गुंतलेले असते. त्याला गाता येत नाही. देवळाच्या नगारखान्यातील चौघड्याला शब्दांची अपेक्षाच नसते. त्याचे काम वेळ जागविण्याचे आणि देवाच्या उपचारांची वार्ता गावाला देण्याचे. घुमटाचे तसे नाही. घुमट गळ्यात असते आणि गळा मोकळा असतो. दोन्ही हात वाद्यात गुंतले तरी तोंड शब्दांसाठी राखलेले असते. ज्याने हे वाद्य प्रथम गळ्यात अडकविले त्याने वाजविणारा गाणाराच असणार हे धरूनच ते अडकविले असले पाहिजे. महाराष्ट्रातील शाहीर डफ हातात घेऊन स्वतःच पोवाडा म्हणतो. वासुदेव चिपळ्या वाजवीत स्वतःच गातो. लोकवाद्यांचा हा एक मोठा वर्ग आहे. त्यांत वाद्य हे गाणाऱ्याच्या शरीराचाच विस्तार असते.

हैदराबादच्या वाचकांना याचे एक जवळचे उदाहरण ठाऊक असेल. तेलुगू बुर्रकथेत मुख्य कथेकरी तंबुरा घेऊन उभा राहतो आणि त्याच्या दोन बाजूंचे दोघे साथीदार गुम्मेट नावाचे मातीचे वाद्य वाजवितात. नावात आणि रूपात ते आपल्या घुमटाचे भावंडच शोभते. पण या साथीदारांचे काम केवळ ठोका धरण्याचे नसते. त्यांपैकी एक विनोद करतो, दुसरा चालू परिस्थितीवर भाष्य करतो, दोघेही कथेकऱ्याला प्रश्न विचारतात आणि हुंकार देतात. वादक तेथे बोलता आहे. म्हणूनच १९४० नंतरच्या दशकात तेलुगू भाषकांत जेव्हा मोठे राजकीय लढे उभे राहिले तेव्हा बुर्रकथा त्यांचे शस्त्र होऊ शकली. वादक मुका असता तर ते घडते ना.

वाद्याशिवायच उभी राहणारी गाणीही याच प्रदेशात आहेत, आणि ती या मुद्द्याचा उलट बाजूने पुरावा देतात. पौषातील चांदण्या रात्री मांडावर समोरासमोर दोन रांगा करून बायका धालो गातात; फुगडीत टाळी, पाऊल आणि श्वास एवढाच ताल असतो. धालोच्या गीतांत मराठी आणि कोंकणी एकमेकींत मिसळून जातात, आणि गाणारीला कोणती ओळ कोणत्या भाषेतील हे सांगण्याची गरज वाटत नाही. वाद्य नसल्यामुळे तेथे शब्दाला लपायला जागा नाही. पाठांतर चुकले तर समोरच्या रांगेला तत्काळ कळते. ही शिस्त घुमट आरतीतही एके काळी होती. फरक एवढाच की, तेथे ती वाद्याच्या संगतीने पाळली जाई.

चवथीच्या घरातील आरतीचे स्वरूप पाहिले म्हणजे हे पटेल. माटोळीखाली गणपती, समोर वाड्यावरील मंडळी, त्यांत आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या. एका घरची आरती आटोपली की मंडळी दुसऱ्या घरी जातात. समर्थ रामदासांच्या नावाने चालत आलेली गणपतीची आरती प्रथम; मग शंकराची, देवीची, विठ्ठलाची, दत्ताची; मग त्या त्या ग्रामदैवताची. डोंगरीच्या कृष्णंभट्ट बांदकरांसारख्या गोमंतकीय कवीची पदेही कित्येक ठिकाणी म्हटली जातात. सुरुवात विलंबित असते. एक जण कडवे उचलतो, इतर ध्रुवपद झेलतात. घुमट प्रथम शब्दांच्या मागून चालते, ध्रुवपदाला बरोबर येते, आणि कडव्याच्या शेवटी घटकाभर पुढे जाऊन पुन्हा मागे येते. लय हळूहळू वाढते, पण ती शब्दांनी परवानगी दिली तरच. अवघड जोडाक्षरांचे कडवे आले की जाणता वादक हात आवरता घेतो, कारण ते कडवे त्यालाही म्हणावयाचे असते. हाताला आवरणारा हा जो लगाम आहे तो वादकाच्या स्वतःच्या तोंडात असतो.

या संस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, ती नेमणुकीने चालत नाही. देवळातील वाद्यसेवा बहुधा वंशपरंपरेने ठरलेल्या सेवेकऱ्यांकडे असते, आणि महाजनी कायद्याखालील देवस्थानांत अशा सेवांचे हक्क व कर्तव्ये यांवरून वादही उद्भवतात. घुमट आरतीला असा कोणी नेमलेला सेवेकरी नाही. ज्याला आरती येते त्याने घुमट घ्यावे, एवढाच तिचा नियम. आणि गोव्यातील बहुसंख्य हिंदू घरांत बोलणे कोंकणी असल्यामुळे, ज्या मुलाची मायबोली कोंकणी त्याने मराठीतील शेकडो ओळी कोणत्याही शाळेवाचून तोंडपाठ केल्या त्या या गळ्यातील मडक्याच्या साहाय्याने. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी या दोन भाषांच्या नावाने गोव्यात जे रण माजले ते आपणांस ठाऊक आहे. कायद्याला भाषांचा क्रम लावावा लागतो. तो त्याचा धर्मच आहे. घुमटाने तो कधी लावला नाही. हे श्रेय वाद्याचे जितके, तितकेच त्यावर म्हटलेल्या शब्दांच्या पाठांतराचे आहे. पाठांतर गेले तर हा दुवाही गेला.

आता आजच्या स्पर्धांतील घुमट आरती पाहावी. व्यासपीठावर पथक बसते. एकसारखे पोशाख, समोर ध्वनिक्षेपकांची रांग, हातात ठरावीक मिनिटे. या मिनिटांत पथकाला आपले सर्व कौशल्य दाखवावयाचे असते. साहजिकच विलंबित सुरुवात परवडत नाही. पाच कडव्यांच्या आरतीची दोन कडवी उरतात, आणि ती दोनही तालाच्या करामतींना टेकू म्हणून. गाणारे दोघे-तिघे एका बाजूला ध्वनिक्षेपकाजवळ. वाजविणारे ओठ मिटून, डोळे आपल्या म्होरक्याच्या हातावर ठेवून. ध्रुवपद येते तेव्हा श्रोत्यांना ऐकू येतो तो टाळ्या घेणारा तुकडा. कडवे येते तेव्हा तो तुकडा संपण्याची वाट पाहणारे काही अस्पष्ट उच्चार. ‘रामदास’, ‘नामा’ यांसारख्या नाममुद्रा, ज्यांत कवी आपल्या नावाने देवापुढे नम्र होतो, त्या तर बहुधा शेवटच्या दणक्यात बुडूनच जातात. ज्याने आरती रचली त्याची सही पुसून टाकून दस्तऐवज न्यायालयात हजर करण्यासारखाच हा प्रकार आहे.

यात वादकांचे कौशल्य कमी लेखण्याचा हेतू नाही. कित्येक तरुणांचे हात आज आपल्या आजोबांच्या हातांहून तयार आहेत. पण तयारी कशासाठी, हा प्रश्न राहतोच. शुद्ध लयीचे वैभव ज्यांना हवे त्यांच्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र दालने आहेत. ‘लयभास्कर’ म्हणून ज्यांचा गौरव झाला ते खाप्रुमाम पर्वतकर याच मातीतील. १९५३ साली ते निवर्तले. त्यांनी लयीचे जे गणित मांडले ते ऐकून मोठमोठे गवई थक्क होत. लोकवाद्यांतही शिगम्याची सुवारी आहे. चंद्रावळ, फाग अशी पदे तिच्यात येतात, पण तिच्यात वाद्यमेळाच्या लयीचे स्वतंत्र राज्य आहे आणि ते तिला शोभते. आक्षेप आहे तो आरतीची सुवारी करण्यावर. सुवारीत लय राणी आहे; आरतीत ती दासी आहे, आणि ती दासी देवाची असल्यामुळे तिच्या दास्यात कमीपणा नाही. जे वाद्य विनयासाठी जन्मले त्याला पराक्रमाला लावले म्हणजे पराक्रमही पुरता साधत नाही आणि विनयही जातो. तबल्यासमोर लयकारीत घुमट नेहमीच थिटे पडेल. शब्दाला घुमारा देण्यात मात्र घुमटासमोर तबला थिटा पडतो.

स्पर्धांच्या बाजूनेही जे सांगण्यासारखे आहे ते सांगितलेच पाहिजे. एकतर्फी निकाल टिकत नाही. स्पर्धांमुळे तरुण मंडळी या वाद्याकडे वळली. शेळीच्या कातड्याचे घुमट व्यासपीठावर सर्रास आले आणि त्याचा संकोच गेला. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे महिलांची घुमट आरती पथके उभी राहिली. जे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या गळ्यात होते ते स्त्रियांच्या गळ्यात आले. आणि येथे एक आशेची खूण दिसते. धालो आणि फुगडी यांवर वाढलेल्या स्त्रियांना वाद्यावाचून शब्द सांभाळण्याची सवय आहे. त्यांनी पुरुषांच्या पथकांचे अनुकरण न करता आपली ही सवय घुमटाकडे आणली, तर आरतीला तिचा शब्द परत मिळवून देण्याचे काम त्यांच्याच हातून होण्याचा संभव अधिक. अनुकरणच करावयाचे ठरविले, तर मात्र ओठ मिटलेल्या वादकांच्या संख्येत तेवढी भर पडेल.

कोणी म्हणेल, काळ बदलला. आज चार-चार तास आरत्या म्हणायला कोणाला सवड आहे? सवडीची अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय कडवी गाळणे हा नाही. पाच आरत्यांऐवजी दोन म्हणाव्या, पण पूर्ण म्हणाव्या. अर्ध्या म्हटलेल्या दहा आरत्यांपेक्षा पुऱ्या म्हटलेल्या दोन आरत्यांनी पुढच्या पिढीला अधिक मिळेल. मुलाला आरती येते की नाही याची परीक्षा पहिल्या कडव्यावरून होत नाही. पहिले कडवे सर्वांनाच येते. त्याला तिसरे कडवे विचारावे आणि त्याचा अर्थ विचारावा. येथे जो गप्प राहील त्याचा हात कितीही तयार असला तरी त्याला घुमट येते असे म्हणता येणार नाही.

केवळ दोष दाखवून थांबणे हे समीक्षेचे अर्धेच काम झाले. म्हणून काही सूचना मांडतो. स्पर्धा भरविणाऱ्यांनी दोन नियम करावे. वाजविणाऱ्या प्रत्येकाने गायिलेच पाहिजे, हा पहिला. आणि घेतलेली आरती नाममुद्रेसह पूर्ण झालीच पाहिजे, हा दुसरा. शब्दस्पष्टतेला तालाइतके गुण असावे, म्हणजे पथके आपोआप हात आवरतील. देवस्थान समित्यांनी आपल्या ग्रामदैवताच्या, केवळ त्या गावातच म्हटल्या जाणाऱ्या आरत्या वृद्धांकडून उतरवून घ्याव्या. छापील संग्रहांत त्या नसतात, आणि ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्याबरोबर त्या जातील. ज्या देवस्थानांत वा घरांत घोरपडीच्या कातड्याची जुनी घुमटे पडून आहेत, त्यांनी ती लपवून ठेवण्याऐवजी वनखात्याकडे जाऊन त्यांची कायदेशीर स्थिती निश्चित करून घ्यावी. आणि वाजविण्यासाठी नवी घुमटे डिचोलीसारख्या ठिकाणच्या कुंभारांकडून उघडपणे, योग्य मोल देऊन घ्यावी. कातडे बदलले तरी मडके कुंभाराचेच आहे, आणि घुमारा मडक्याचा आहे. कुंभाराचे चाक थांबले तर मात्र कोणत्याही कातड्याने घुमट वाजणार नाही. या दुसऱ्या धोक्याकडे, घोरपडीच्या नावाने हळहळणाऱ्यांचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही.

परंपरेचे रक्षण म्हणजे तिच्या प्रत्येक वस्तूला मिठी मारून बसणे, असा एक समज आपल्या मंडळींत रूढ आहे. या समजामुळे आपण चुकीच्या ठिकाणी पहारा करतो. कातड्यावर पहारा ठेवला, आणि मागील दाराने शब्द निघून गेला. परंपरेत काय बदलले तरी चालते आणि काय बदलले तर ती परंपराच उरत नाही, याचा विवेक करणे हे शहाण्या वारसाचे काम आहे. घुमट आरतीपुरता तो विवेक अवघड नाही. गाणाऱ्याच्या गळ्यात घुमट आणि वाजविणाऱ्याच्या मुखात शब्द, एवढे राखले तर बाकी पुष्कळ गोष्टी बदलल्या तरी देवाला आणि गावाला आपली आरती ओळखता येईल.